पांढरा दाणा

त्र्याहत्तरच्या दुष्काळानं सगळ्यांना सारखंच भाजलं, असं लोक म्हणतात. साफ खोटं. परभणीजवळच्या झरी गावाच्या पलीकडं एका गावात सरपंच व्यंकटरावांच्या विहिरीला पाणी होतं, आणि बौद्ध वस्तीतल्या बाया तिच्यापाशी कुणी घागरीत पाणी ओतेल म्हणून उन्हात ताटकळत बसत.

सरकारी विहीर मंजूर झाली. ती वस्तीत खोदायची की व्यंकटरावांच्या मळ्यालगत, हे ग्रामसभेनं ठरवायचं होतं. ग्रामसभा म्हणजे सरपंचाच्या डोळ्यांदेखत हात वर करायचा. विरुद्ध हात गेला की दुसऱ्या दिवशी काम गेलं. परभणीच्या कॉलेजात शिकणारा वस्तीतला सूर्यभान आणि त्याचे दोस्त हटूनच बसले. मत गुपचूप घ्या, बायांचंही घ्या! चिठ्ठी लिहिता येणारे थोडे, म्हणून पडद्याआड दोन मडकी ठेवायची, एक वस्तीचं, एक मळ्याचं, आणि ज्यानं त्यानं घरून जवारीचा एक दाणा आणून हव्या त्या मडक्यात टाकायचा, असं ठरलं.

"कोणाचं मत कोणालाच कळत न्हाई, माय," सूर्यभान आईला, कस्तुराबाईला म्हणाला.

व्यंकटराव हसून कबूल झाले. तिथंच शहाण्यानं ओळखायला हवं होतं.

मडकी धोतरावर पालथी केली. वस्तीचे दाणे जास्त भरले. पोरं नाचायला लागली, सूर्यभान मात्र ढिगांवर वाकला. वस्तीचा ढीग लालभडक होता, रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकेच्या लाल जवारीचा, मिलोचा. मळ्याचा ढीग पांढरा. पांढरी जवारी यंदा फक्त व्यंकटरावांच्या वरच्या आळीत शिजत होती. आणि लाल ढिगात एकच दाणा पांढरा. दाण्याचा रंगच मत फोडेल, हे एवढं शिकून त्या गाढवाला सुचलं नव्हतं.

व्यंकटरावांनी तो दाणा उचलला. "हा आमच्या आळीतला. कोणाचा हाय?"

त्यांची विधवा भावजय नर्मदाबाई तोंडाला पदर लावून मागं सरकली. त्या घरातून वस्तीच्या बायांना पाणी घालणारी ती एकटीच, आणि त्या घराशिवाय तिला आसरा नव्हता.

सूर्यभान काही बोलणार, तोच कस्तुराबाई उठली.

"माजा हाय, मालक. तुमच्या घरी जवारी निवडायला येते न्हाई का, तवा पदरात बांधला."

"म्हंजे चोरी केलीस?"

"व्हय."

"उद्यापासून उंबऱ्याला यायचं न्हाई."

वस्तीला चोरीचा डाग लावला म्हणून वस्तीतल्या बायांनीही तिच्याकडे पाठ केली. सूर्यभानला ओरडून खरं सांगावंसं वाटत होतं, पण तोंड उघडलं असतं तर नर्मदाबाई उघडी पडली असती. सकाळी आईच्या तळहातावर लाल दाणा त्यानंच ठेवला होता.