ढकलू नका, मी चालतोय

मित्रांनो, मी एक जुना, घरी जुळवलेला स्लायडर, म्हणजे कॅमेरा सरकवणारी गाडी आहे. नाव ऐकून गोंधळलात? मीही गोंधळलेलोच आहे. माझे रूळ टेबलाच्या खणाचे, मोटर भंगारातल्या टेम्पोच्या वायपरची आणि चाक म्हणजे लहान सायकलची रिम. रुळांना धाडकन बंद व्हायची सवय, मोटरला पाऊस पुसायची, रिमला बाजारात हुंदडायची. या तिघांचा संसार महाडच्या गनीने आपल्या फोटो स्टुडिओत मांडला. मोटर रिम फिरवणार, रिम आट्यांची सळई फिरवणार, आणि त्या सळईवरून कॅमेरा केसाकेसाने पुढे सरकणार.

"इतका हळू चाल, की कुणाला दिसता कामा नये," गनी म्हणाला.

चालायचे आणि दिसायचे नाही! हे काम होते की शिक्षा, मला अजून उमगलेले नाही.

कारण मात्र खरे होते. साल २००७. गनीचा थोरला भाऊ जुनैद कुवेतला बांधकामावर होता. त्याच्या कमाईचे घर पोलादपूरकडच्या त्यांच्या गावात उभे राहत होते आणि नेमकी स्लॅबच्या दिवशी त्याला रजा मिळेना. गनीने फोनवर शब्द दिला, "भाय, अख्खा दिवस तुला मिनिटभरात दाखवतो." कॅमेरा थोड्या थोड्या वेळाने फोटो काढणार, मी त्याला सरकवणार, फोटो जोडले की स्लॅब डोळ्यांदेखत भरलेली!

स्लॅबच्या सकाळी मला अंगणात मांडून गनी जेवणाच्या तयारीला गेला. मी मुकाट्याने चालू लागलो.

आता माणसांची गंमत ऐका. ज्याला घमेले उचलायचे नव्हते, त्या प्रत्येकाला माझी काळजी वाटू लागली. सेंटरिंगवाल्या सोनबाने कॅमेऱ्याच्या काचेत डोकावून आरोळी ठोकली, "ओ गनीशेठ, तुमची गाडी बंद पडली हाय!" आणि मदत म्हणून रिम गरागरा फिरवली. मी दचकून पुढे. मग दुसरा आला, तिसरा आला. सगळे भले लोक. वाईट हेतूने हात लावणारा एकही नव्हता. दुपारीच मी रुळाच्या टोकाला जाऊन आपटलो.

तेवढ्यात जुनैदची आई, नुरजहाँ, स्टूल घेऊन आली आणि थेट कॅमेऱ्यासमोर बसली. यातून जुनैदला सगळे दिसणार, एवढेच तिला कळले होते.

"जुनैद, ऐकतोस ना रे? खालचं घर झालं, बस झालं. वरचा मजला नको. आता तू ये."

आई, याला डोळा आहे, कान नाही! पण मी ओरडणार कसा?

गनीने फोटो जोडले आणि कपाळाला हात लावला. चित्र हिसके खात पुढे जात होते. मध्येच सोनबाच्या नाकपुड्या. शेवटी स्लॅब दिसतच नव्हती, नुसती ओठ हलवणारी आई. तरी दिलेला शब्द होता, म्हणून कुवेतला निघालेल्या एका गाववाल्याच्या हाती सीडी गेली. मला गावच्या जुन्या घराच्या पडवीतल्या खुंटीवर टांगले.

जुनैदचा फोन आला. गनी माफी मागू लागला, तसा तो म्हणाला, "स्लॅब राहू दे रे, स्लॅब मी हितं रोज घालतो. आई काय बोलत होती?"

गनीने आईला विचारले. ती उखडली. "त्याला सांगितलंय ना मी? तू मधी कशाला?"

पुढच्याच महिन्यात जुनैद दारात उभा! बॅग खाली ठेवायच्या आधी त्याने विचारले, "आई, त्यात तू काय बोलत होतीस गो?"

आई हसली. "आता काय इचारतोस? ऐकलंस म्हणून तर आलास!"

जुनैदने गनीकडे पाहिले, गनीने माझ्याकडे. तिला खरे कुणीच सांगितले नाही.

मित्रांनो, गनी म्हणतो, माझ्यामुळे फिल्म बिघडली. आई म्हणते, माझ्यामुळे मुलगा घरी आला. मी कुणाचे खरे मानू? रिम गंजली, मोटर अडखळते, गोंधळ तेवढा शाबूत आहे. एवढेच सांगतो: हळू चालणाऱ्याला बंद पडलेला समजून ढकलू नका. आणि जमल्यास माझ्या रुळांना दोन थेंब तेल घाला. पुन्हा कधी आई समोर येऊन बसली, तर मला इतके हळू चालायचे आहे, की तिचे बोलणे संपेपर्यंत ती समोरून सरकू नये.