धरणातली लाँच आणि सुलाबाईचा कान

मल्हारी मिस्त्रीला ऐकू येईनासं झालं होतं, आणि ही गोष्ट सुलाबाईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. द्वारका चौकातल्या भिकनशेठच्या गॅरेजात ट्रकचं टायर त्याच्या डोक्याशीच फुटलं तेव्हा उजवा कान पार गेला. डाव्या कानाने, माणूस तोंडासमोर येऊन बोलला, तरच काही कळायचं. गिअरबॉक्सच्या मिस्त्रीचं निम्मं काम कानावर चालतं. गाडी चालू करायची, आवाज घ्यायचा, मग हात घालायचा. मल्हारी आता आवाज न घेताच हात घालायचा, चुकायचा, आणि चूक झाकायला कंबरदुखीचं कारण सांगायचा. हळूहळू गाड्या दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊ लागल्या. तो दिवसभर दारातल्या बाजेवर बसून राही आणि सुलाबाई त्याला काही विचारत नसे.

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका रविवारी त्याची धाकटी बहीण लताबाई आली. ती गंगापूर धरणाच्या पलीकडच्या एका गावात नर्स होती. जय भीम घालून ती चहाला बसली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"दादा, आमच्या गावाने माणसं न्यायला इंजिनाची होडी, लाँच केलीय, पण ती चालतच नाही. रस्त्याने यायचं तर सगळ्या धरणाला वळसा पडतो. अडलेली बाई असली की माझा जीव टांगणीला लागतो."

"चालत नाही म्हणजे?" मल्हारीने तिच्या ओठांकडे बघत विचारलं.

"दोन माणसं असली की चालते. गाव बसलं की काळा धूर सोडते आणि गोगलगाय होते."

"माझी कंबर धड नाही. दुसरा कुणी बघ."

सुलाबाईने कपबशा गोळा केल्या आणि नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली. "मी येते सोबत," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही हात घाला, आवाजाचं मी बघते."

लताबाईला त्यातलं काही उमगलं नाही. मल्हारी उठून पान्यांची पिशवी शोधायला लागला.

लग्नानंतरची सगळी वर्षं सुलाबाईने गॅरेजच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत काढली होती. भाकरी थापताना कुठला ट्रक घरघरतोय आणि कुठला खडखडतोय हे तिला नको असलं तरी कळायचं. ते कधी कुणाच्या उपयोगी पडेल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

धरणाच्या काठावर कोंडाजी त्यांची वाट बघत होता. आधी तो वल्ह्यांची होडी चालवायचा, आता लाँच त्याच्या हवाली होती. लाकडी, रुंद, वीसेक माणसं मावतील अशी. मधे जीपचं जुनं डिझेल इंजिन बसवलेलं, आणि मागे पाण्यात उतरलेला एक लोखंडी पाय. त्या पायाच्या आत गिअर आणि खाली पंखा. कागदावर त्याचं नाव स्टर्नड्राइव्ह होतं, पण गावात सगळे पायच म्हणायचे.

"हा पाय मुंबईहून आनला," कोंडाजी म्हणाला. "हौशी लोकांच्या पळत्या बोटीचा हाय. तिथं पेट्रोलवर चालायचा. पेट्रोल आपल्याला परवडायचं नाय, म्हनून जीपचं इंजिन जोडलं."

"माणसं बसवा," मल्हारी म्हणाला. "भरलेली बघू."

काठावरची माणसं चढली, कांद्याची चार पोतीही ठेवली. लाँच सुटली तशी मागून धुराचा काळा लोट उठला. मल्हारीने इंजिनाच्या झाकणावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. थरथर जाणवत होती, पण ती कसली हे हाताला सांगता येईना. त्याने डोळे उघडून सुलाबाईकडे पाहिलं. बाकीचे सगळे त्याच्याकडे बघत होते.

सुलाबाई संकोचली. एवढ्या पुरुषांत इंजिनाबद्दल बोलायचं म्हणजे काय. ती त्याच्यासमोर वाकली आणि म्हणाली, "अडतंय. जात्यात एकदम जास्त दाणे टाकले की जातं जड जातं ना, तसं. फिरायचंय त्याला, पण घास मोठा होतोय."

"खडखड?"

"नाही. खडखड नाही, शिट्टी नाही. नुसतं दमतंय."

कोंडाजीने भुवया उंचावल्या. "मिस्त्री, तुमी वैनींना इचारताय?"

लाँच पाण्यावर हळूहळू सरकत होती. मल्हारीने झाकणावरचा हात काढला. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मला ऐकू येत नाही, कोंडाजी. टायर फुटून कान गेले. आवाज ही ऐकते, काम मी करतो."

लताबाईच्या हातातली पिशवी खाली टेकली.  कोंडाजी जागा बदलून मल्हारीच्या तोंडासमोर येऊन बसला. "मंग आता काय करायचं?" त्याने मोठ्याने विचारलं.

"इंजिन चांगलं आहे," मल्हारी म्हणाला. "आपण भरलेला ट्रक टॉप गिअरमध्ये कसारा घाट चढवतोय. पळती बोट हलकी, आणि तिचं इंजिन जोरात फिरणारं. आपली बोट जड, डिझेल सावकाश फिरणारं. त्याला हा पंखा ओढवत नाही."

कोंडाजीच्या गोठ्यात पोत्यात गुंडाळलेला दुसरा एक पाय होता, फुटका, सुट्या भागांसाठी सोबत मिळालेला. त्याचा पंखा लहान होता आणि पाती कमी तिरकी. म्हणजे त्याचं पिच कमी. एका फेरीत तो पाणी थोडंच कापणार. दुपारी मल्हारीने तो पंखा बसवला. जेवून सगळे पुन्हा चढले.

या वेळी धूर नव्हता, पण लाँचही पुढे जाईना. मागे पाणी नुसतं घुसळत होतं.

"आता उलटं झालं," सुलाबाई म्हणाली. तिला आता संकोच उरला नव्हता. "रिकामं जातं फिरवल्यासारखं वाजतंय. ओरडतंय नुसतं, पीठ काही पडत नाही."

"घास फारच लहान झाला," मल्हारी हसला. पुष्कळ महिन्यांनी ती त्याला हसताना बघत होती. "म्हणजे पंखा पहिलाच हवा. बदलायचा तो गिअर, म्हणजे तोच पंखा सावकाश फिरेल."

लताबाईच्या पडवीत त्याने दोन्ही पाय उघडले आणि दात मोजले. लाँचवरच्या पायात इंजिनाच्या तीन फेऱ्यांना पंखा दोनदा फिरत होता. फुटक्यातली गिअरची जोडी वेगळी निघाली. तिच्यात दोन फेऱ्यांना पंख्याची एकच फेरी. बाहेरचं आवरण फुटलं असलं तरी आतले दात शाबूत होते. त्याने ती जोडी चांगल्या पायात बसवली, बेअरिंगखाली पत्र्याच्या चकत्या घालून दात एकमेकांत नीट बसवले, हाताने फिरवून पाहिलं, पुन्हा उघडलं, एक चकती काढली. सुलाबाई शेजारी बसून रॉकेलने नटबोल्ट धूत होती. लताबाईने दोनदा चहा आणला आणि दोन्ही वेळा तो गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा पंखा परत चढवला. पुन्हा तीच माणसं, तीच पोती. कोंडाजीने हळूहळू इंजिनाचा वेग वाढवला. लाँचचं नाकाड थोडं वर आलं आणि दोन्ही बाजूंनी पाण्याच्या स्वच्छ रेघा मागे जाऊ लागल्या. मागे फिकट धूर दिसला आणि विरला.

मल्हारीचा हात झाकणावर होता, डोळे बायकोकडे.

"भरून फिरतंय," ती म्हणाली. "आणि श्वास शिल्लक आहे. अजून चार माणसं बसली तरी चालेल."

"बास. तेवढा श्वास शिल्लकच ठेवायचा. कोंडाजी, इंजिन कधी पूर्ण पिळायचं नाही."

"नाय पिळत," कोंडाजी म्हणाला आणि लाँच धरणाच्या मधोमध घेतली. पूर्वी वल्ही मारताना तिथे पोचेपर्यंत खांदे भरून यायचे, असं तो लताबाईला सांगत होता. मल्हारीला ते ऐकू गेलं नाही. तो पाण्याकडे बघत होता.

त्या आठवड्यात मल्हारी आपणहून भिकनशेठच्या गॅरेजात गेला आणि कानांचं सांगून टाकलं. कंबरेला काही झालेलं नव्हतं हेही सांगितलं. भिकनशेठ जरा रागावले. आधी बोलला असता तर एवढे दिवस घरी बसावं लागलं नसतं, असं म्हणाले. मग विचारलं, "वहिनी येतील का इथं?"

"विचारतो."

सुलाबाईने नवऱ्याचा जुना सदरा लुगड्यावर चढवला आणि गेली. पहिली गाडी विंचूरचा कांदा भरून आलेली होती. ड्रायव्हर तिला केबिनमध्ये चढताना बघून जरा सरकून बसला. चांदवडच्या रस्त्याला लागल्यावर तिने मल्हारीच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली.

"तिसऱ्या गिअरात," ती त्याच्याकडे तोंड करून म्हणाली. "बारीक कुरकुर आहे. चौथ्यात गेली."

मल्हारीने मान हलवली आणि ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं.