उजव्या कोपऱ्यातली रिकामी चौकट

मित्रांनो, अशी कल्पना करा की तुमच्या पाठीवर शेकडो घरं काढली गेली, पण तुम्ही एकही घर कधी पाहिलेलं नाही. कसं वाटेल? मला तसंच वाटायचं.

मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. कुरखेड्याच्या एका सुताराने मला सावरीच्या मऊ लाकडातून घडवलं. कागद ताणून लावताना टाचण्या सहज शिराव्यात, म्हणून मऊ लाकूड. वारलूभाऊ आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन आले आणि मी त्यांच्या टेबलावर आलो. घरं, गोदामं, दवाखाना, सारं माझ्या पाठीवर रेखलं गेलं. लोक म्हणत, "भाऊचा हात लय साफ हाये!" माझी छाती फुगायची.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. मोठ्या इमारतीचा नकाशा झाला की उजव्या कोपऱ्यातली एक चौकट वारलूभाऊ रिकामी सोडत. मग तो कागद चंद्रपूरला जाई. का जाई?

पुढे कॉम्प्युटर आला. मी कपाटामागे गेलो. टाचण्यांच्या भोकांत धूळ साचली.

मला बाहेर काढलं करिश्माने. नुकतीच दहावी झालेली ही मुलगी शेजारच्या गावातून वारलूभाऊंकडे नकाशे शिकायला यायची. तिची आजी, सोमारीबाई, मोहफुलं वेचते. ती ओल लागून खराब होतात, म्हणून करिश्मा आजीसाठी माडीचं घर काढत होती. मोहफुलं वर, कोरड्या जागी.

एके दिवशी तिने दप्तर ठेवलं.

"भाऊ, अकरावीचा फॉर्म भरला. आज द्याचा हाये. गणित सोडलं, जीवशास्त्र घेतलं."

"तुले तं आर्किटेक्ट व्हाचं होतं ना?"

"मंग? नकाशाले गणित कायले? माहा हात चांगला हाये."

"हात माहाही चांगला होता, बाई. मी नकाशा काढतो, पन आर्किटेक्ट म्हनून सही नाई करू शकत. म्हनून ते चौकट रिकामी ठेवतो, चंद्रपूरचा आर्किटेक्ट तिथं सही करते."

मी कान टवकारले, म्हणजे लाकडाला जमेल तेवढे.

"त्या सहीले काय लागते?" करिश्माने विचारलं.

"बारावीले गणित. मंग प्रवेश परीक्षा. मंग पाच वर्सं कॉलेज, त्यातच एखाद्या आर्किटेक्टच्या हाताखाली काम. मंग आर्किटेक्टच्या परिषदेत नाव नोंदवा, तवा नंबर भेटते."

"बापा! एका सहीसाठी एवढं?"

वारलूभाऊंनी तिच्या नकाशावर बोट ठेवलं. "माडी किती उंच?"

"दहा फूट."

"पायऱ्या?"

"बारा. छान दिसून राह्यल्या ना?"

वारलूभाऊ उठले. जुन्या फायलींचे गठ्ठे जमिनीवर रचले, टेपने मोजून बरोबर दहा इंच, तिच्या नकाशातल्या एका पायरीएवढे. मग मला उचलून तिच्या हाती दिलं. "हे आजीची टोपली समज. डोक्यावर घे अन् चढ."

मित्रांनो, तिच्या डोक्यावरून मला खिडकीबाहेर दिसलं! कौलांची छपरं, ओसरी, एका दारात वाळत घातलेलं लुगडं. तर घर असं असतं! माझं पाहून होतंय तोवर तिचा पाय लटपटला. मी धाडकन खाली आलो. माझा एक कोपरा तुटला.

"आजी पडली," वारलूभाऊ हळूच म्हणाले.

कोणी हसलं नाही. करिश्मा फायलींच्या ढिगाकडे बघत राहिली. मग तिने पेन्सिल घेतली. दहा फूट म्हणजे एकशेवीस इंच. एक पायरी सहा इंचाची, तर पायऱ्या वीस. जिना लांबला आणि भिंतीबाहेर गेला. तिने पुन्हा हिशेब केला, मध्ये वळण घेतलं, आणि जिना घरात बसला.

"भाऊ," ती पुटपुटली, "हे तं गणितच हाये."

माझा तो कोपरा अजून तुटकाच आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्या घरी कपाटामागे एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला कोरड्या फडक्याने पुसा आणि हाती घेऊन बघा. तिला अजून बरंच काही दाखवायचं असेल.

आणि करिश्मा? तिने ओढणीने मला पुसलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्यावरच तो फॉर्म पसरला. जीवशास्त्रावर काट मारून गणित लिहिलं. खाली उजव्या कोपऱ्यात विद्यार्थ्याच्या सहीची चौकट होती. ती तिने रिकामी सोडली नाही.