चौथ्या ट्रकचं तापमान

दीड वर्षात रस्त्याला चर पडले, आणि दिराने सगळं खापर तिच्या संशोधनावर फोडलं.

"जुना रस्ता उकरायचा आणि तोच भाजून परत अंथरायचा! शिळं गरम करून वाढलं तर पोट बिघडणारच," रस्त्याचा ठेकेदार असलेला दीर मोठ्या इंजिनिअरसमोर हसत म्हणाला. "आमच्या वहिनी प्रयोगशाळेत हुशार. इथे ट्रक चालतात हो."

जुन्या डांबराचं हे मिश्रण घडवायला तिची सहा वर्षं गेली होती. निम्मा माल जुन्याच रस्त्याचा, आणि टिकणार मात्र नव्याच्या दीडपट. ते पुढे वापरायचं की कायमचं बाद करायचं, हे इंजिनिअर आज ठरवणार होता.

ड्रिलवाल्याने रस्त्यातून दोन गोल तुकडे कापून काढले. पहिला ट्रक जिथे रिकामा झाला होता, तिथला तुकडा दगडासारखा घट्ट निघाला. चौथ्या ट्रकच्या जागचा तिच्या हातातच भुगा होऊन सांडला.

"माल एकच आहे," ती म्हणाली. "हा थंड पडल्यावर रोलर फिरवलाय."

"थंड?" दिराने फाइल उघडली. तो याचीच वाट बघत होता. "चौथा ट्रक, एकशे अठ्ठेचाळीस अंश. खाली सही कुणाची, वहिनी? वाचून दाखवू?"

सही तिचीच होती. रस्ता घातला त्या दिवशी प्रत्येक ट्रकमधल्या मालाचं तापमान मोजून लिहायचं काम तिचं होतं. सात ट्रक रांगेत उभे, दीर बोंबलतोय, त्यात नवऱ्याचा फोन: "त्याला अडवू नकोस, घरात कटकट नको." तिने पहिल्या ट्रकमध्ये थर्मामीटर खुपसला. उरलेल्या सहांसमोर तोच आकडा जरा कमी-जास्त करून लिहिला.

"माल फसला म्हणा आणि मोकळ्या व्हा," दीर आवाज खाली आणून म्हणाला. "घरातलं घरात राहील."

"भाऊजी, इतक्या मायेने तुम्ही मला कधी पाणीही विचारलं नाही."

ती इंजिनिअरकडे वळली. "पहिला आकडा खरा आहे. बाकीचे सहा मी न मोजता लिहिले. चौथा ट्रक दोन तास उभा होता. मला दिसत होतं, तरी सही केली."

"लेखी द्याल?"

"कागद द्या."

"यापुढे तुम्हाला साइटवर पाय ठेवता येणार नाही, मॅडम."

"आणि मिश्रण?"

"पुन्हा घालून बघू. मोजणारा दुसरा, ठेकेदारही दुसरा."

"स्वतः बुडालीस, वर मलाही ओढलंस!" दीर एका क्षणात अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आला.

तिने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सगळं लिहिलं. सही करण्याआधी या वेळी प्रत्येक आकडा वाचून पाहिला.