लिसांद्रोचा वाटा

एदुविनाने कोकाची पानं पाटाच्या तोंडाशी मातीला वाहिली, वर थोडी दारू शिंपडली आणि फावडं घेऊन माणसांच्या ओळीत उभी राहिली. अटाकामाच्या वाळवंटातलं हे गाव वर्षातून एकदा आपला पाट उपसतं. ज्याने आपला तुकडा साफ केला, त्यालाच पाण्याची पाळी.

ती दरवर्षी दोन तुकडे उपसायची, एक स्वतःचा आणि एक मुलाचा. लिसांद्रो खाली मिठागरावर, लिथियमसाठी जमिनीखालचं खारं पाणी उपसणाऱ्या कंपनीच्या पंपांवर कामाला होता. पंप आले आणि झरे आटले, असं गावात सगळेच म्हणत. एदुविनासमोर मात्र कोणी बोलत नसे.

"यंदा पाणी करंगळीएवढं आलंय," पाटकरी फाउस्तीनो म्हणाला. "बदली माणूस चालेल, पण एका माणसाला एकच तुकडा. हाकेला ओ नाही, त्याची पाळी गेली."

"म्हणजे माझ्या लिसांद्रोचं नाव खोडणार?"

"मावशी, चार वर्षांत फिरकलाय का तो? त्याच्या शेतात आता दगड पिकतात."

"पिकू देत. तुझ्या शेतात कुठे सोनं पिकतंय?"

लोक हसले. फाउस्तीनोही हसला, पण नियम काही बदलला नाही.

एदुविनाने खाली पाहिलं. तिच्या नवऱ्याने लावलेली नासपतीची झाडं फुलावर आली होती आणि शेजारी लिसांद्रोचं शेत भेगाळून पडलं होतं. पोराची आठवण तिला जेवताना फार छळायची. हाताला अजून दोघांच्या मापाचंच शिजवायची सवय होती.

फाउस्तीनो काठीने तुकडे मापत नावं पुकारू लागला.

"एदुविना!"

ती वाकून बुटाची नाडी बांधत होती.

"अगं मावशी, तुलाच हाक मारतोय."

तिने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधत बसली. फाउस्तीनोने थोडी वाट पाहिली.

"लिसांद्रो!"

"हजर," एदुविना ताठ उभी राहून म्हणाली.

कोणी हसलं नाही. फाउस्तीनो जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला,

"मावशी, झाडं वाळतील तुझी."

"माहीत आहे."

"मग?"

"मी इथंच आहे रे. परत यायचंय ते त्याला."

ती पाटात उतरली आणि लिसांद्रोच्या तुकड्यातली वाळू उपसू लागली. फाउस्तीनोने काठीने पुढचा तुकडा मापला आणि पुढचं नाव पुकारलं.