पुढच्या उजव्या चाकाची स्प्रिंग

मी स्प्रिंग बोलतेय. पेनातली किंवा सोफ्यातली नव्हे, तसला गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. दोनच माणसं बसतील अशा, उघड्या टपाच्या एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या उजव्या चाकाशी मी आयुष्य काढलं. डाव्या चाकाशी माझी जुळी बहीण होती. आता आम्ही दोघी गॅरेजच्या फळीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी पडून आहोत, आणि समोर आमच्या जागी दोन लालभडक पोरी मिरवताहेत. दिसायला छान आहेत. कामाच्या नावानं आनंद आहे.

माझा जन्म कारखान्यातला. लालबुंद तापवून गुंडाळलं, तेलात बुडवलं, आणि गाडीचं वजन पाहून बेताची मऊ ठेवलं. गाडी अंगानं अगदी हलकी, तेव्हा स्प्रिंगही मऊच हवी, एवढं तिथल्या लोकांना कळत होतं. आणखी एक गोष्ट कळत होती. चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या टोकांना रबराचे बुश असतात. त्यांचे बोल्ट सगळ्यात शेवटी, गाडी चाकांवर उभी करून आवळायचे. चाकं हवेत लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि ते कायमचं आखडतं. यात काही मोठी विद्या नाही, पण माणसाला घाई असते.

गाडी घेतली ती शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी. तेव्हा शेजाऱ्यांनी भरपूर नाकं मुरडली. बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या गाडी चालवायच्या तेव्हा मला कामाचं सार्थक वाटायचं. खड्डा आला की पाय हलका करून तो अलगद माझ्या हवाली करत, आणि मी तो गिळून टाके. वर त्यांना पत्ताही लागत नसे. त्यांचा मुलगा शेजारी बसून पहिल्याच वळणाला ओकायचा. पुढे तो दातांचा डॉक्टर झाला.

बाई निवृत्त झाल्या, कंबर कुरकुरू लागली, तरी दर रविवारी सकाळी त्या एकट्याच गाडी काढून धाकट्या बहिणीकडे जात. कुठे निघालीस, कधी येशील, असं त्यांना कुणीही न विचारण्याचा आठवड्यातला तेवढाच वेळ. त्या वाटेवर त्या गुणगुणत. सुरात नसायचं, पण मला आवडायचं.

मग डॉक्टरला शौक सुचला. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक ग्रुप त्याच्या फोनवर आहे. तिथे सगळे दीडशहाणे एकमेकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत असतात. पुढचं सस्पेन्शन बदल, गाडी वळणावर झुकता कामा नये, शर्यतीतल्या कडक स्प्रिंगा घाल, असं त्यांनी सांगितलं आणि यानं डोळे झाकून मागवल्या. आईच्या वाढदिवसाला तिला न सांगता द्यायची भेट म्हणे. शर्यत कोण लावणार होतं? कंबरदुखीच्या बाई?

मदतीला त्यानं मेहुण्याला बोलावलं. तो विमा विकतो. दोघांनी गाडी उचलून लोखंडी घोड्यांच्या आधारावर ठेवली, आम्हाला उपसून फळीवर टाकलं, लाल पोरी बसवल्या, नवे बुश घातले आणि चाकं हवेत लोंबकळत असतानाच पाना हातात घेतला. मेहुण्याला निदान शंका तरी आली.

"हे गाडी खाली घेऊन आवळायचे असतील का?"

"खाली घेतल्यावर हात कुठून घालणार? आवळ तू."

त्यानं जीव खाऊन आवळले. मी फळीवरून बघत होते. स्प्रिंगला कपाळ नसतं म्हणून, नाहीतर बडवून घेतलं असतं.

गाडी खाली उतरवली तर नाक वर करून उभी राहिली, शेफारलेल्या पोरासारखी. दोघांनी टाळ्या दिल्या. संध्याकाळी बाईंना चालवायला बसवलं आणि डॉक्टर शेजारी बसला. परत आल्या तेव्हा बाई दाराला धरून, एक हात कंबरेवर ठेवून, हळूहळू उतरल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"कशी वाटली?" त्यानं विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. "रस्त्याला चिकटून चालते ना? वळणावर जरासुद्धा झुकत नाही."

जन्मभर आ वासलेल्या माणसांना, तोंडात हत्यारं घालून, सुट्टीत कुठे गेला होतात म्हणून विचारलंय यानं. उत्तराची सवय कुठून असणार?

बाईंनी त्याच्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं. "छान झालीय," त्या म्हणाल्या. "किती राबलास रे."

पुढच्या रविवारी त्यांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. म्हणाल्या, डोळ्यांना हल्ली नीट दिसत नाही, गाडी बंद केलेली बरी. त्यानं मान डोलावली. आता तो त्यांना आपल्या मोठ्या गाडीतून मावशीकडे नेतो आणि दारात उभा राहून घड्याळ बघतो. ग्रुपवर लिहितो, आई थकली, पण गाडी मी जपलीय. त्यावर शंभर अंगठे येतात.

डोळ्यांना दिसत नाही म्हणे. काल दुपारी बाई गॅरेजमध्ये आल्या. सीटची शिवण उसवली होती, ती शिवायला. इथल्या अंधुक उजेडात त्यांनी सुईत दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात. शिवून झाल्यावर उभ्या गाडीत, स्टीअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. गुणगुणल्या मात्र नाहीत.

डॉक्टर, आम्ही भंगारात गेलो तरी चालेल, असं म्हणण्याइतकी मी थोर नाही. आम्हाला परत बसव. पण त्याआधी ती गाडीत बसलेली असताना एकदा तिच्या शेजारी बस, आणि विचार, आई, दुखतं का. मग गप्प राहा. ती आधी नाही म्हणेल. तरी गप्प राहा.