अठराच्या आधी

"पाय दे इकडे," नोरीन म्हणाली आणि हॉस्पिटलच्या दारात गाडी उभी केल्या केल्या डॅनिकाच्या बुटांच्या नाड्या ओढून काढायला लागली. जीव द्यायला निघालेल्यांजवळ नाडी-दोरी राहू देत नाहीत; आत गेल्यावर नर्स त्या काढून घेणारच, तेही सगळ्यांदेखत. त्यापेक्षा गाडीतच उरकलेलं बरं, हे मायलेकींना आता पाठ झालं होतं. डॅनिकाने स्वेटशर्टच्या टोपीतल्या नाडीसाठी मान पुढे केली. डाव्या हाताला बांधलेला टॉवेल तिने छातीशी धरला होता.

लहानपणी हेच पाय ती आईच्या मांडीवर टाकायची. स्केटच्या नाड्या आवळून घ्यायची आणि वर "अजून घट्ट, आई" म्हणायची. नोरीन गावातल्या आइस रिंकवर बर्फ सपाट करायचं यंत्र चालवत असे. आज अर्धं रिंक तसंच सोडून ती अंगावरच्या कोटानिशी धावत घरी आली होती.

आत ग्लेंडा नावाची नर्स होती. तिने हातावरच्या जखमेला टाके घातले, गरम कपाटातून ब्लँकेट काढलं आणि डॅनिकाभोवती गुंडाळलं. "गारठलीस ना बाळा? हवं तर आणखी माग हं," ती म्हणाली. डॅनिकाने डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी लेकीचा चेहरा सैल झालेला पाहून नोरीनला रडूच आलं.

डॉक्टर पेट्री म्हातारे आणि मायाळू होते. पंचाईत तीच होती, कारण मायाळू माणसाशी भांडता येत नाही. शहरात एक उपचारगट होता. मनात वादळ उठलं की ते सरेपर्यंत जिवंत कसं राहायचं, ते तिथे शिकवत. पण कागदावर 'बॉर्डरलाइन' व्यक्तिमत्त्वाचा विकार असं लिहिलेलं असल्याशिवाय तिथे घेत नसत, आणि पेट्री अठराच्या आत कुणालाही तसं लिहून देत नसत. ओल्या मातीवर शिक्का मारला तर तो जन्मभर राहतो, असं त्यांचं म्हणणं. असा शिक्का बसलेली एक मुलगी त्यांनी पाहिली होती. पोटात कळा येताहेत म्हणून ती दिवसभर विव्हळत होती आणि नाटकं करते म्हणून सगळ्यांनी तिला बसवून ठेवलं. आतडं फुटल्यावर खरं कळलं.

त्यांना दोष तरी कोणत्या तोंडाने देणार? गेल्या हिवाळ्यात एक तरुण डॉक्टर हेच लिहायला निघाला होता, तेव्हा नोरीननेच टेबलावर हात आपटला होता. माझी मुलगी दुःखी आहे, तिच्या स्वभावात खोट नाही, असं म्हणून तिने ते खोडायला लावलं. घरी येताना तिला लढाई जिंकल्यासारखं वाटलं होतं. डॅनिका मात्र त्यानंतर आठवडाभर तिच्याशी बोलली नव्हती.

"मी तेव्हाच त्या विकाराबद्दल सगळं वाचलं होतं, आई," आता ब्लँकेटमधून आवाज आला. "ओळ न् ओळ माझीच होती. वाटलं, चला, माझ्यासारखं आणखी कुणीतरी आहे. आणि तू ते खोडायला लावलंस."

हे म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नोरीन डॉक्टरांकडे वळली.

"लिहा."

"मे महिन्यात ती अठराची होईल, नोरीन. थोडं थांबलो तर—"

"मेपर्यंत ती राहील असं लिहून द्या मला. ते जमत नसेल तर हे लिहा."

डॉक्टरांनी खुर्ची डॅनिकाच्या खाटेजवळ ओढली. मग त्यांनी डॅनिकालाच विचारलं, तुला हे हवंय का?

"हवंय कशाला?" ती म्हणाली. "पण आहे ना ते."

त्यांनी लिहिलं. शहरात जागा मिळायला दोन-तीन आठवडे लागणार होते. आज तिला इथेच नजरेखाली ठेवायचं ठरलं. जाताना त्यांनी नोरीनच्या खांद्यावर हात ठेवला.

संध्याकाळपर्यंत ब्लँकेट गार पडलं होतं. ग्लेंडा आली, उभ्याउभ्याच संगणकावरची नवी नोंद वाचली आणि टाके तपासले.

"अजून एक ब्लँकेट मिळेल?" डॅनिकाने विचारलं.

"बघते," ती म्हणाली. या वेळी बाळा नव्हतं. पडद्यापलीकडे नव्या पाळीच्या नर्सला तिने हलक्या आवाजात सांगितलं, पण पुरेशा हलक्या नाही. "बॉर्डरलाइन आहे. फार लाड करू नकोस गं, मग अशा पोरी आपल्याला जवळून उठूच देत नाहीत."

डॅनिकाने ते ऐकलं. तिने फक्त कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

नोरीन ताडकन उठली आणि तशीच खाली बसली. आता भांडावं, तर आईही तसलीच म्हणतील. गरम कपाट समोरच होतं, पडद्याच्या फटीतून त्याचा दिवा दिसत होता. तिने वाट पाहिली. कुणी आलं नाही. भिंतीकडे वळलेले खांदे थरथरत होते, थंडीने की कशाने, कोण जाणे.

तिने अंगातला रिंकचा कोट काढला, लेकीवर घालायला उचलला आणि थबकली. कमरेशी नाडी होती. गाठ पक्की बसली होती, बोटांना सुटेना. तिने ती दातांनी सोडवली, नाडी सावकाश बाहेर ओढली आणि स्वतःच्या पँटच्या खिशात बुटांच्या नाड्यांशेजारी ठेवली. मग कोट डॅनिकाच्या हनुवटीपर्यंत ओढला.